जेवणाच्या टेबलावरची हद्द

त्या वर्षी आमच्या घरात जेवायचं टेबल होतं, पण त्यावर जेवत कुणीच नव्हतं. वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये आईनं एका गराज सेलमधून मोठ्या हौसेनं उचलून आणलेलं ते टेबल, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसोवोचा नकाशा. कागद सारखा गुंडाळायला बघायचा, म्हणून एका कोपऱ्यावर खलबत्ता, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी आणि उरलेल्या कोपऱ्यांवर माझी शाळेची जाडजूड पुस्तकं. ती मला नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवशी लागायची आणि बाबा हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही तिघं खाली कार्पेटवर बसून जेवायचो. वाढताना आई रोज एकदा तरी म्हणायचीच, "बाप्पा! अमेरिकेत येऊनसुद्धा पंगतच. यासाठी नागपूर सोडलं का मी?" बाबा मान खाली घालून भात कालवत राहायचे. मग पापड भाजायला घेतला की स्मोक अलार्म केकाटायला लागायचा, आई ओला नॅपकिन फडकवत त्याच्याखाली उड्या मारायची, आणि टेबलाचा विषय तिथंच राहायचा.

बाबा नकाशे काढायचे. पुण्यात होते तेव्हा कागदावर शाईनं काढायचे, मग नकाशे कॉम्प्युटरवर गेले आणि त्या कॉम्प्युटरच्या पाठोपाठ आम्ही रूट वनवरच्या एका छोट्या कंपनीपर्यंत येऊन पोचलो. कोसोवोचं काम त्या कंपनीकडे हातोहात आलं होतं. युनोनं कुणाला तरी दिलेलं, त्यानं आणखी कुणाला, असं करत करत शेवटी आमच्या लोणच्याच्या बरणीखाली. तिथलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. अल्बेनियन म्हणत होते, हा आमचा स्वतंत्र देश. सर्ब म्हणत होते, हा आमचाच प्रांत. भांडण मिटेपर्यंत कारभार युनो बघत होती. पण देश कुणाचाही असो, कचरा कुणीतरी उचलावा लागतो, शाळेचं गळकं छप्पर कुणीतरी दुरुस्त करावं लागतं, जन्ममृत्यूची नोंद कुणीतरी लिहावी लागते. म्हणून जुन्या नगरपालिकांचे तुकडे काढून काही नव्या करायच्या, म्हणजे जिथं सर्बांची वस्ती जास्त तिथं त्यांचं स्वतःचं ऑफिस होईल, असं वरती घाटत होतं. कुठलं गाव कुठल्या नगरपालिकेत, याच्या याद्या वरून यायच्या आणि त्यावरून बाबा हद्दीची रेघ ओढायचे. "ठरवणारे वेगळे," ते म्हणायचे. "मी नुसता रेघ ओढणारा."

मी सोळा वर्षांची होते, आणि सोळा वर्षांच्या मुलीला जगातली कुठलीही नगरपालिका कंटाळवाणीच वाटते. पण बाबांना सांगायला दुसरं होतं कोण? हातात भिंग, कानामागं लाल पेन्सिल, आणि मला हाक: "ये की गं जरा, हे बघ." कोमुना म्हणजे आपला तालुका समज, ते सांगायचे, पण तालुक्याहून ताकद जास्त. शाळा, दवाखाना, जमिनीची नोंद, पेन्शनचा दाखला, सगळं तिथंच. अल्बेनियन कोमुना म्हणतात, सर्ब ओप्श्टिना म्हणतात, आणि प्रत्येक गावाची नावंही दोन, एकाखाली एक छापलेली. "म्हणजे टाउनशिप ना, बाबा?" मी जांभई देत विचारायची. "होय की, टाउनशिपच!" ते असे खूश व्हायचे की मला पुढची जांभई दाबावी लागायची. तसे आम्ही तरी कुठं एका जागी राहत होतो? कचरा उचलायची वेस्ट विंडसर टाउनशिप, पत्त्यात लिहायचं प्रिन्स्टन जंक्शन, आणि भारतात फोनवर आई सांगायची, आम्ही प्रिन्स्टनला असतो. आज मी स्वतः आमच्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर बसते. एका ड्राइव्हवेच्या रुंदीवरून सुशिक्षित शेजारी एकमेकांच्या अंगावर धावून जाताना बघते, आणि बाबांची फार आठवण येते. ते असते तर त्यांनी मागच्या रांगेत बसून सगळं मन लावून ऐकलं असतं.

बेस्निक काकांचं पिझ्झाचं दुकान आमच्या इंडियन ग्रोसरीला लागूनच होतं. बोर्डावर इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव, भिंतीवर पाण्यातल्या होड्यांचं चित्र, आणि ओव्हनसमोर उभा माणूस अस्सल कोसोवोचा. उंच, खांद्यात जरा वाकलेले, मिशा पिठानं पांढऱ्या. "अंकल-बिंकल नाही, काका म्हणायचं," आईनं मला बजावलं होतं, कारण तिनं त्यांना केव्हाच भाऊ करून टाकलं होतं. त्याला कारण ठेचा. आईच्या पर्समध्ये ठेच्याची डबी कायम असायची आणि ती भर दुकानात पिझ्झावर चमच्यानं ठेचा थापायची. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण काकांनी काउंटरपलीकडून येऊन बोटानं तो चाखला, डोळ्यांतून घळघळ पाणी आलं, आणि म्हणाले, "अजून द्या." झालं, तेव्हापासून आमची शुक्रवारची संध्याकाळ तिथली. आईचं इंग्रजीसुद्धा नागपुरीच होतं, काकांचं त्यांच्या गावचं, आणि दोघांचं एकमेकांशी जितकं जमायचं तितकं माझं माझ्या वर्गातल्या मुलींशीही जमत नव्हतं.

त्या वर्षी काकांची आई काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे आली होती. हायरिये आजी. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात मुलाचं मोठं स्वेटर, आणि दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मिरच्यांची देठं काढत असायच्या. आईला बघितलं की दोन्ही हात पसरायच्या. त्यांना करमावं म्हणून काकांनी एका शुक्रवारी भिंतीवरच्या होड्या उतरवून तिथं त्यांच्या मुलखाचा नकाशा लावला. आई आत शिरली, नकाशा बघितला, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला पुढचं सगळं दिसलं. "अय्या! हा तर आमच्या डायनिंग टेबलावर आहे! माझे मिस्टरच तर बनवून राहिले ना! नवीन नगरपालिका, नवीन हद्दी, सगळं!" मी तिचा दंड ओढत होते. नवऱ्याचं कौतुक करायला निघालेल्या आईला थांबवायचं म्हणजे चालत्या रोडरोलरपुढं आडवं पडायचं. काकांच्या हातातलं पिझ्झा कापायचं चाक मधेच थांबलं.

त्यांनी आम्हाला बाजूच्या टेबलाशी बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांचं गाव एका ओढ्याच्या काठी. ओढ्यापलीकडे सर्बांचं गाव. नव्या नगरपालिकेचं ऑफिस त्या पलीकडच्या गावात होणार, आणि ओढ्याच्या अलीकडची काही अल्बेनियन गावंही तिला जोडणार, अशी कुणकुण होती. जोडली तर आजींना पेन्शनसाठी, घराच्या कागदासाठी, दर वेळी त्या पलीकडच्या रस्त्यानं जावं लागणार. युद्धात काकांच्या वडिलांना त्याच रस्त्यावरून उचलून नेलं होतं. ते परत आले नाहीत. "अजून थोड्या दिवसांनी तिचं परतीचं तिकीट आहे," काका म्हणाले. "ती जायचं म्हणते. मी म्हणतो, राहा. गाव पलीकडे जाणार असेल तर मी तिला विमानात बसवणार नाही, पासपोर्ट लपवून ठेवीन. अलीकडेच राहणार असेल तर हसत पाठवीन. एवढंच कळायला हवंय मला. तुमच्या मिस्टरांना विचारा."

घरी आल्यावर आईनं सांगितलं तेव्हा बाबा मोजे काढत होते. एक मोजा हातात तसाच राहिला. "तू सांगितलंस? दुकानात? लोकांसमोर?" बाबांचा आवाज कधी चढत नसे, उलटा खाली जायचा, आणि तो खाली गेला की आम्ही दोघी घाबरायचो. साहेबांनी काम घरी नेऊ देताना एकच अट घातली होती की मसुदा बाहेर कुणालाही दाखवायचा नाही, एक अक्षर बोलायचं नाही, कारण तिथं नुसत्या अफवेनंसुद्धा दगडफेक होत होती. आणि आमचं सगळं त्या नोकरीला बांधलेलं. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीनं केलेला, तो अजून लटकलेला, नोकरी गेली की घर आवरून परत. माझं हायस्कूल अर्धवट. आईला तर नोकरी करायची परवानगीच नव्हती, कॉमर्सची डिग्री घेऊन ती पापड भाजत होती. "चुकलं माझं," आई म्हणाली, आणि आईनं हे दोन शब्द म्हणणं आमच्या घरात फार दुर्मिळ होतं. तिनं कपाटातून सोलापुरी चादर काढून नकाशावर टाकली. तेव्हापासून तो नकाशा बाबा एकटे असतानाच उघडा व्हायचा. खरं सांगते, मी एकदाही चादर उचलून बघितलं नाही.

बाबांनी त्या दुकानात जाणंच सोडलं. पुढच्या शुक्रवारी मला लायब्ररीतून घेऊन येताना त्यांनी गाडी स्ट्रिप मॉलच्या पार्किंगमध्ये वळवली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. काचेतून काका दिसत होते, पीठ हवेत उडवून झेलत होते. मी म्हटलं, "बाबा, आत जायचंय का?" जंक्शन स्टेशनवरून सुटलेल्या ट्रेनचा भोंगा लांबून आला आणि मग बाबा स्टिअरिंगकडे बघत बोलायला लागले. त्यांचं गाव निपाणीकडचं. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा बाबांचा जन्मही झाला नव्हता. बोली मराठी, शाळा मराठी, पण गाव गेलं दुसऱ्या राज्यात, हे मला माहीत होतं. सुट्टीत गेलो की हद्दीपाशी एसटीचा रंग बदलायचा तिथं आजोबा दर वेळी खिडकीतून बाहेर थुंकायचे, आणि मला वाटायचं, तंबाखू आहे म्हणून. पण त्या दिवशी बाबांनी जे सांगितलं ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

आजोबांचा एक चुलतभाऊ मामलेदार कचेरीत कारकून होता. त्या साली जत्रेला तो घरी आला. मटण झालं, पोळ्या झाल्या, मुलांना त्यानं खेळणी आणली, आजोबांच्या शेजारी पाटावर बसून पोटभर जेवला. आजोबा सगळ्या पंगतीत सांगत होते की आपलं गाव कुठं जात नाही, आपण सगळ्यांनी अर्ज दिलेत. आणि तो मान डोलवत होता. त्याच्या टेबलावर याद्या येऊन पडल्या होत्या, त्याला सगळं ठाऊक होतं. पुढं चावडीवर कुणीतरी पेपर वाचून दाखवला तेव्हा आजोबांना कळलं. "हद्द गेली म्हणून अण्णा रडले नाहीत," बाबा म्हणाले. "माझ्या ताटात जेवून गेला आणि बोलला नाही, म्हणून रडले. मरेपर्यंत त्याचं तोंड बघितलं नाही. मी लहानपणी रोज ऐकायचो हे, आणि म्हणायचो, किती नीच माणूस." मग म्हणाले, "आता मीच त्या कारकुनाच्या खुर्चीत बसलोय बघ." मी त्यांच्या बाहीवरचं सूत ओढत बसले. आज मी बाबांच्या त्या वेळच्या वयाची आहे, आणि मला त्या कारकुनाचीही कीव येते. त्यालाही घरदार असेल, साहेब असेल. पण आजोबांच्या घरात हे बोलायची सोय नव्हती.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात बेस्निक काका, त्यांच्या मागं हायरिये आजी, आणि काकांच्या हातात टॉवेलनं झाकलेला भलामोठा थाळा. आजींनी सकाळपासून ओव्हनपाशी बसून फ्लिया केला होता. पातळ पिठाचा एक थर घालायचा, भाजायचा, त्यावर साय लावायची, परत थर, परत भाजायचं, असं करत बोटभर उंचीचा होईपर्यंत. आईनं टॉवेल उचलून वास घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर एकावर एक रचलेली घावनं!" आणि लगेच आत जाऊन कणीक भिजवायला घेतली, कारण रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. टेबलावर चादर घातलेली होती, म्हणून पानं खालीच मांडली. मला लाजच वाटत होती, पण आजी एकदम खुलल्या. त्यांच्या गावीही सगळे खालीच बसून जेवतात म्हणे, बुटक्या गोल पाटाभोवती. इथं मुलाच्या घरी खुर्चीवर बसून त्यांचे पाय लोंबकळून दुखत होते. त्यांनी पाय पसरले, पाठ सोफ्याला टेकली, आणि आईच्या हातची वांग्याची भाजी बोटानं पुसून पुसून खाल्ली. बाबांनी फ्लियाचे तीनदा तुकडे घेतले. बाबा गोड नसलेलं काही इतकं खात नसत.

हात धुतल्यावर काका उभे राहिले. "मी दाखवा म्हणत नाही," ते बाबांना म्हणाले. "कागद बघत नाही. एकच शब्द. अलीकडे की पलीकडे?" बाबा उठून टेबलाशी गेले आणि चादरीचं टोक हातात धरून उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता आई काहीतरी कारण काढून विषय मोडेल, त्यात ती पटाईत होती. पण आई ओट्यापासून पुढं आली आणि मराठीत म्हणाली, "सांगा. काहून घाबरून राहिले तुम्ही? नोकरी गेली तर गेली. नागपूर काही वाहून नाही गेलं." तिचा आवाज ठणठणीत होता, पण मागं तव्यावर टाकलेली पोळी करपत होती, तिच्या लक्षातच नव्हतं.

आजींनी काकांना विचारलं, ही काय म्हणाली. काकांना मराठी कुठलं येणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं: आई म्हणतेय, सांगून टाका, नोकरी जाऊ दे, आपण इंडियाला परत जाऊ. काकांचा चेहरा पडला. नोकरी जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यांना वाटलं होतं, नवरा जरा भिडस्त आहे. त्यांनी चाचरत आजींना सांगितलं, आणि मग जे झालं! आजी अशा काही कडाडल्या की स्मोक अलार्मही लाजला असता. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तावातावानं टेबलापाशी गेल्या आणि बाबांच्या हातातलं चादरीचं टोक सोडवून परत नीट खाली सोडलं. वरून तळहातानं सुरकुत्याही सारख्या केल्या. काका मान खाली घालून आम्हाला सांगत होते. "ही म्हणते, ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच तोंडचा घास मागायला तुला कुणी शिकवलं? ही म्हणते, मी जाणार म्हणजे जाणार. अलीकडे असलं तरी, पलीकडे असलं तरी. पलीकडे असलं तर स्ताना मला ऑफिसात घेऊन जाईल. अलीकडे असलं तर मी स्तानाला घेऊन जाईन."

"स्ताना कोण?" आईनं विचारलं. ओढ्यापलीकडची सर्ब बाई, काकांनी सांगितलं. पूर्वी दोघी एकमेकींकडून खमीर उसनं न्यायच्या. युद्धात तिचा भाऊ गेला, आजींचा नवरा गेला. आता सकाळी ओढ्यावर आल्या तर लांबून हात वर करतात, बस. "युद्धानंतर एक शब्द बोललेली नाही ही तिच्याशी," काका वैतागून म्हणाले, "आणि म्हणे ऑफिसात घेऊन जाईल!" त्यांनी तेच आजींना त्यांच्या भाषेत सुनावलं असावं, कारण आजींनी त्यांच्या गालावर हलकीशी चापट मारली आणि काहीतरी थोडकंच बोलल्या. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. काका म्हणाले, "म्हणते, म्हणूनच तर मला जायचंय."

माझी आई पटकन रडणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी ती करपलेली पोळी तव्यावरच सोडून आजींच्या गळ्यात पडली. प्रश्न सुटला असं तिला वाटलं, मलाही वाटलं. काकांनी पासपोर्ट लपवला नाही. बाबांनी पुढच्या आठवड्यात काम पुरं केलं, नकाशा गुंडाळून कंपनीत देऊन आले, आणि आम्ही टेबलावर जेवलो तर तिघांनाही कसंसंच झालं. तो मसुदा पुढं वरती कितीदा खोडला, कितीदा बदलला, देव जाणे. बाबांना त्याचं नंतर काही कळलं नाही. पण त्या दिवसांत ते जेवणात लक्ष नसल्यासारखे असायचे. आई म्हणायची, "अहो, त्यांनीच नको म्हटलं ना? सुटले ना तुम्ही?" बाबा म्हणायचे, "त्यांनी नको म्हटलं. मी खाल्लं ते खाल्लंच की."

आजींना सोडायला नेवार्क एअरपोर्टवर आम्हीही गेलो. आईनं वाटेसाठी धपाटे दिले होते, तिखट कमी घालून, आणि आजींनी ते बॅगेत न ठेवता छातीशी धरले होते. सिक्युरिटीच्या रांगेपाशी पोचल्यावर सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या, आईची दोनदा झाली. बाबा मागं उभे होते. मग ते पुढं झाले आणि वाकून आजींच्या पायांवर डोकं ठेवलं. आजी बावचळल्या, त्यांना वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलं, त्याही शोधायला वाकल्या. बाबा उठले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सरळ डोळ्यांत बघून मराठीत बोलायला लागले. आजूबाजूला शेकडो माणसं होती, आणि त्यातल्या आम्हा दोघींखेरीज ते कुणालाही कळत नव्हतं.

"आजी, गाव पलीकडं गेलंय," बाबा म्हणाले. "ओढ्याच्या या बाजूची रेघ धरलीय त्यांनी. तुमचं घर, शेत, सगळं नव्या कोमुनात. मीच ओढलीय ती रेघ. ठरवलं मी नाही, पण हात माझा आहे. तुमच्या हातचं जेवलोय मी, म्हणून तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला माफ करा." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. आईनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग बाबांचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. हळू, एकसारखं, बराच वेळ. मधे एकदा स्तानाचं नाव आलं, तेवढंच मला कळलं. बाबा मान हलवत होते, जणू काही सगळं समजत होतं. बोलणं संपल्यावर त्यांनी बाबांच्या कपाळाला कपाळ लावलं, धपाटे परत छातीशी धरले आणि रांगेत शिरल्या. मागं वळून बघितलं नाही.

काका माझ्याजवळ आले. "काय म्हणाले तुझे बाबा?"

मी बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. "पोचल्यावर फोन करा म्हणाले," मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"फोनसाठी रडतात?"

"आमच्याकडे रडतात," मी म्हटलं, आणि माझाच आवाज चिरकला. काका माझ्याकडे बघत राहिले. लांब रांगेत पांढरा रुमाल अजून दिसत होता. काकांनी मनात आणलं असतं तर धावत जाऊन आजींना परत आणता आलं असतं.

"आणि आजी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

काकांनी खालचा ओठ दातात धरला. मग बाबांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना जवळ ओढलं, आणि रुमाल दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिले.

"करीन म्हणाली," ते मला म्हणाले. "फोन करीन."